सफरचंदाचा शरदातला पंच: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पंच म्हणजे फळांचे रस, मसाला आणि सोडा एकत्र करून केलेलं पेय, आणि या पंचाचा पाया आहे अॅपल सायडर. ते शोधायला कोल्हापुरात बाहेर पडलात तर दोन बाटल्या हाताला लागतात, आणि दोन्ही आपल्या कामाच्या नाहीत. औषधांच्या दुकानात, मॉलमध्ये मिळतं ते अॅपल सायडर व्हिनेगर. ते पंचात ओतलंत तर पाहुणे पहिल्याच घोटाला पेला खाली ठेवतील. वाइन शॉपमध्ये सायडर म्हणून मिळते ती सफरचंदाचा रस आंबवून केलेली दारू. ब्रिटनमध्ये सायडर म्हणतात ती तीच. आपल्याला हवं आहे ते अमेरिकेतलं सायडर. तिथं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी सुरू झाली की बागांमध्ये ताज्या सफरचंदांचा रस काढतात, तो फार बारीक गाळत नाहीत, आणि त्यात दालचिनी-लवंग घालून गरम किंवा गार पितात. हा गढूळ, तपकिरी रस आपल्याकडं तयार मिळत नाही. पण मिक्सर, एक धुतलेला पंचा आणि थोडा दम असेल तर घरी होतो.

मोसमही जुळून येतो. नवरात्र ते दिवाळी या दिवसांत सफरचंदं गाड्यांवर ढिगानं असतात, दुपारी ऑक्टोबरचं ऊन भाजून काढतं आणि रात्री रंकाळ्यावर बसलं की वारा चांगला झोंबतो. त्यामुळं एकच पंच दुपारी सोडा घालून गार आणि रात्री चहासारखा गरम, दोन्ही तऱ्हांनी खपतो.

एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात पक्की करा: आपल्या सफरचंदात गोडी आहे, आंबटपणा नाही. पंच फसतो तो बहुतेक इथंच. सफरचंदाचा रस, वर साखर, वर गोड कोल्ड्रिंक, असं करत गेलं की तयार होतं ते सरबतही नसतं आणि पंचही नसतो. या कामात निम्मी मेहनत आंबट नीट बसवण्याची आहे.

सफरचंदं कशी घ्यायची

आपल्याकडं जे लाल, लांबोडकं, खाली पाच उंचवटे असलेलं सफरचंद सर्रास मिळतं ते डिलिशियस जातीचं. सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसानं १९१६ च्या सुमारास या जातीची रोपं अमेरिकेतून मागवून शिमल्याच्या वरच्या अंगाला कोटगडला लावली. त्याआधी इंग्रजांनी लावलेली सफरचंदं आंबट होती आणि आपल्या लोकांच्या जिभेला ती फारशी रुचत नव्हती. हे गोड फळ आलं आणि हिमाचलच्या बागा त्यानं व्यापल्या. खायला उत्तम, पण अमेरिकेत सायडर करताना गोड आणि आंबट जाती मिसळतात, आणि आपल्या हातात गोडच आहे. हिरवी ग्रॅनी स्मिथ मिळाली तर तीन किलोत अर्धा किलो ती घाला, फरक लगेच कळेल. ती परदेशातून येते, महाग असते, आणि नाही मिळाली तरी अडत नाही. लिंबू आणि आमसूल आहेतच.

हिमाचलचा माल जुलैच्या अखेरीस सुरू होतो, काश्मीरचा सप्टेंबरपासून जोर धरतो, किन्नौरचा त्याच्याही मागून येतो. कोल्हापुरात पेटीच घ्यायची असेल तर शाहू मार्केट यार्ड. किलो-दोन किलोसाठी कपिलतीर्थ मंडई किंवा लक्ष्मीपुरी पुरे. गाडीवाल्याला रसासाठी हवीत हे आधीच सांगा. मोठी, चकचकीत, एकेक जाळीत गुंडाळलेली सफरचंदं पुढं मांडलेली असतात, पण तुम्ही "मामा, रसाला पाहिजेत" म्हणालात की मागची टोपली पुढं येते. "मग ही बारकी न्या की ताई. दिसायला बारकी, पण रसाला हीच बरी." मामांचं म्हणणं खरं आहे. लहान फळ स्वस्त पडतं आणि चवीला कुठं कमी नसतं.

हातात घेऊन अंगठ्यानं हलकं दाबा. टणक हवं. कानाजवळ धरून टिचकी मारली तर ताज्या फळाचा भरीव आवाज येतो. दबतं, वजनाला हलकं लागतं, ते शीतगृहात फार दिवस राहिलेलं समजा. आत पिठाळ निघतं. पिठाळ सफरचंदातून रस सुटत नाही, नुसता लगदा होतो आणि पंचा पिळून मनगटं भरून येतात. डाग, मार चालतो, तेवढा भाग कापून टाका. पण बुरशी लागलेलं किंवा आतून सडलेलं फळ अख्खंच टाकायचं. काही बुरशी पॅट्युलिन नावाचं विष सोडतात आणि ते उकळूनही जात नाही.

बाकीचं सामान

बारा-पंधरा पेल्यांचा हिशेब देतो. सफरचंदं ३ किलो. त्यांतून दीड लिटरच्या आसपास रस निघतो. मोसंबी ६, त्यांतली ५ रसाला, १ चकत्यांना. या दिवसांत जालन्याकडची मोसंबी चांगली येते. लिंबं ४. आमसुलं १० ते १२. एक मोठं डाळिंब. आल्याचा दोन बोटांएवढा तुकडा. दालचिनीचे बोटभर लांबीचे २ तुकडे, लवंगा ६, चक्रीफूल १, मिरी ८-१०. काकवी ३-४ मोठे चमचे. साधा सोडा ७५० मिली. मीठ चिमूटभर.

काकवी पाहून भुवया उंचावू नका. उसाच्या रसाचा गूळ व्हायच्या आधीचा हा दाट पाक सफरचंद आणि दालचिनीबरोबर असा जमतो की साखर त्याच्यापुढं कोरडी वाटते. आपल्या गावात गुऱ्हाळं दिवाळीच्या आगेमागे पेटतात, पण काकवीची बाटली वर्षभर मिळते. गूळ वापरायचा असेल तर पिवळा, मऊ घ्या आणि हात आखडता ठेवा. काळपट गुळाला खारट झाक असते आणि तो सफरचंदाला पार झाकून टाकतो. पेढीवरच्या माणसाला चाखून घेतो म्हणालात तर तो नाही म्हणत नाही.

घाई असेल आणि डब्यातला तयार रस वापरणार असाल, तर पुढची बाजू न बघता मागची घटकांची यादी वाचा. आपल्या नियमांप्रमाणे फळाचं तयार पेय म्हणून विकायला साधारण १० टक्के रस असला तरी चालतो. उरलेलं पाणी, साखर आणि वास. यादीत साखर दिसली की तो डबा परत ठेवा.

आधी मिक्सरचं भांडं

ही पायरी बाहेरच्या कुठल्याही कृतीत नसते, पण कोल्हापूरच्या घरात ती पहिली. ज्या भांड्यात काल पांढऱ्या रश्श्याचं वाटण झालं किंवा कांदा-लसूण चटणी फिरली, त्यात सफरचंद घातलं की पंचाला लसणाचा वास येणार म्हणजे येणारच. नुसतं घासून तो जात नाही, कारण वास बसलेला असतो झाकणाच्या रबरी रिंगेत. रिंग काढून गरम पाण्यात खायचा सोडा घालून अर्धा तास बुडवून ठेवा. भांड्यात पिळलेल्या लिंबाची सालं आणि थोडं गरम पाणी घालून फिरवा, ओता, उन्हात पालथं घाला. दुसरी रिंग विकत मिळते, स्वस्त असते. गोडाधोडासाठी ती वेगळी ठेवली तर वर्षभर कटकट नाही. लवंग-दालचिनीही मसाल्याच्या डब्यातून न काढता सुटी आणा. तिखटाच्या शेजारी महिनोन्महिने राहिलेल्या लवंगेला तिखटाचाच वास असतो.

भांड्यांचं आणखी एक. सणाला शोभा म्हणून तांब्या-पितळेचं घंगाळ काढून त्यात पंच भरायचा मोह होतो. भरू नका. रस आंबट आहे, तांबं त्यात उतरतं. ॲल्युमिनियमही नको. शिजवायला स्टीलचं पातेलं, मांडायला काच किंवा स्टील. घंगाळ हवंच असेल तर त्यात बर्फ भरून मधे काचेचं भांडं ठेवा. शोभाही होते आणि पंच गारही राहतो.

रस: आदल्या रात्री

सफरचंदं कोमट पाण्यात चोळून धुवा, वर मेणाचा पातळ थर असतो. साल काढायची नाही. रंग आणि वास बराचसा सालीतच असतो. चार फोडी करा, मधला बियांचा भाग काढून टाका, मग फोडींचे बारीक तुकडे करा. मोठ्या फोडी तशाच घातल्या तर पातं अडकतं.

भांडं निम्म्याच्या वर भरू नका. प्रत्येक घाण्याला पाव वाटी पाणी घाला, आधी थांबून थांबून दोन-तीनदा फिरवा, मग सलग. तुकडे दिसेनासे झाले की थांबा. फार वेळ फिरवलं तर इतका बारीक लगदा होतो की तो कापडातूनही खाली उतरतो.

तेवढ्यात रस तपकिरी व्हायला लागेल. घाबरायचं कारण नाही. चिरलेल्या सफरचंदातल्या एका एन्झाइमचा हवेशी संबंध आला की हे होतं, आणि सायडरचा रंग तोच. पुस्तकात सांगतात तसं फोडी लिंबाच्या पाण्यात टाकून मी रस पांढरा ठेवत बसत नाही, कारण शेवटी त्यात आमसूल पडणार आहे.

स्वच्छ, पातळ पंचा आधी ओला करून घट्ट पिळा. कोरडा वापरलात तर पहिला पेलाभर रस तोच पिऊन टाकतो. पातेल्यावर चाळण, चाळणीवर पंचा, त्यात लगदा. दहा मिनिटं आपोआप गळू द्या. मग चारी टोकं एकत्र करून पुरचुंडी वळा आणि वरून खाली पिळत या. दोघं असाल तर एकानं टोकं धरायची, दुसऱ्यानं पिळायचं, चक्क्याचं दही पिळतो तसं. पुरचुंडी हाताला कोरडी लागली की पुरे; त्यापुढं जोर केला तर पंचा फाटतो, रस वाढत नाही. रस अर्धा तास ठेवून वरचा फेस चमच्यानं काढून टाका.

चोथा टाकू नका. तुपावर परतून शिऱ्यात घातला तर छान लागतो.

मसाला मुरवणं

हा रस कच्चा आहे आणि पंच लहान मुलं, म्हातारी माणसं सगळीच पिणार, म्हणून तो तापवलेला बरा. मसालाही त्याच वेळी मुरतो. अमेरिकेत कच्च्या सायडरमधून जंतूंची बाधा झाल्याची प्रकरणं घडली, त्यानंतर तिथं विक्रीचा रस साधारण ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्याची पद्धत रुळली. घरात तापमापक नसला तर खूण अशी: कडेनं बारीक बुडबुडे धरतात, वाफ सरळ वर जाते, मधला भाग अजून हललेला नसतो. इथं गॅस अगदी बारीक करायचा. खळाखळा उकळू दिलंत तर ताज्या फळाचा वास वाफेबरोबर निघून जातो आणि उरतो तो सफरचंदाच्या जॅमचा वास.

दालचिनी, लवंगा, चक्रीफूल, मिरी अख्खीच घाला, पूड नको. पुडीनं पंच गढूळ होतो आणि घशाशी कचकचतो. आलं ठेचून घाला. झाकण ठेवून पंधरा मिनिटं मंद आचेवर, मग गॅस बंद. काकवी आणि मीठ आता घालून ढवळा. अर्ध्या तासानं चक्रीफूल काढून घ्या. ते मसाल्यातलं सगळ्यात आगाऊ आहे, रात्रभर राहिलं तर दुसरं काही लागूच देत नाही. बाकीचा मसाला रस पूर्ण निवेपर्यंत राहू द्या, मग गाळून फ्रिजमध्ये. जायफळ आवडत असेल तर गाळल्यावर दोनदा किसणीवर ओढा, तेवढंच.

मिक्सरचा हा सगळा खटाटोप नको असेल त्यांच्यासाठी कुकरची वाट आहे. सालासकट फोडी, फळांच्या निम्मं पाणी, मसाला, दोन शिट्ट्या, मग न घोटता गाळून घ्यायचं. रस निघतो, पण त्याला शिजलेल्या फळाची चव असते. गरम पंचाला तो चालून जातो. गार पंचाला मी तो वापरणार नाही.

आंबट बसवणं

आमसुलं एकदा पाण्यातून काढा, कारण वाळवताना त्यांना मीठ लावलेलं असतं, आणि मग वाटीभर कोमट पाण्यात तासभर भिजवून कुस्करा. पाणी गडद लाल होईल. मोसंब्यांचा रस हातानं पिळून काढा. मिक्सरला लावलात तर बी फुटून कडू होतो.

आता रस थंड असतानाच चाखा. गरम असताना तो जास्त गोड लागतो आणि अंदाज चुकतो. मोसंब्याचा रस सगळा घाला. मग आमसुलाचं पाणी निम्मं घाला, ढवळा, चाखा. रंग चहासारखा होता तो डाळिंबी व्हायला लागेल. मग दोन लिंबं, पुन्हा चाखा. उरलेलं आमसुलाचं पाणी आणि लिंबं हाताशी ठेवून थोडं थोडं वाढवत जा. खूण अशी की घोट घेतल्यावर आधी सफरचंद कळावं, मग जिभेच्या कडांना पाणी सुटावं, आणि दालचिनी सगळ्यात शेवटी घशात यावी. कडांना पाणी सुटत नसेल तर आंबट कमी आहे, मग गोडी कितीही बरोबर वाटो.

या टप्प्यावर पंच जरा जादाच तीव्र लागायला हवा. दोन लिटरभर रसात अजून पाऊण लिटर सोडा पडणार आहे, बर्फ वितळणार आहे, आणि थंडपणानं गोडी दबते. आत्ताच "अगदी बरोबर" लागला तर पाहुण्यांच्या पेल्यात तो पाणचट उतरेल.

फळं आणि बर्फ

पंचात टाकायला सफरचंदाच्या सालासकट पातळ चकत्या, मोसंब्याच्या चकत्या आणि डाळिंबाचे दाणे पुरे. सफरचंदाच्या गरात जवळपास पाव भाग हवाच असते, त्यामुळं चकत्या वर तरंगतात आणि दाणे तळाला बसतात. काचेच्या भांड्यात हे फार देखणं दिसतं. केळं, चिकू, पपई नको, सगळं मऊ होऊन पंचाचं शिकरण होतं. पेरू घालायचाच तर बियांचा भाग काढून. मोसंब्याच्या सालीआड पांढरा भाग असतो, त्याचा कडवटपणा हळूहळू उतरतो, म्हणून त्या चकत्या पाहुणे यायच्या जेमतेम अर्धा तास आधी टाका.

बर्फाचे छोटे खडे टाकू नका, दहा मिनिटांत पाणी होतं. आदल्या रात्री थोडा रस बाजूला काढून स्टीलच्या गोल डब्यात, वर डाळिंबाचे दाणे टाकून गोठवा. हा मोठा गोळा सावकाश वितळतो आणि वितळला तरी रसच होतो. बाजारातली बर्फाची लादी भांडं बाहेरून गार करायला ठीक, पंचात अजिबात नाही.

पाहुणे आले की

भांड्यात रस, त्यावर फळं, मग बर्फाचा गोळा. सोडा शेवटी, आणि तोही सगळा एकदम नाही. बाटली थंड असली पाहिजे. कोमट सोडा ओतला की फसफसून निम्मा वायू तिथंच जातो. भांड्याच्या कडेनं हळू सोडा आणि पळी तळातून एकदाच फिरवा. मंडळी टप्प्याटप्प्यानं येणार असतील तर सोडा भांड्यात घालूच नका, प्रत्येक पेल्यात वरून घाला. गोड लेमन सोडा वापरू नका; इतका वेळ राखलेला तोल एका बाटलीत जातो.

एक सूचना. आपल्या गावात कॉकटेल म्हणजे आइस्क्रीमचा प्रकार, त्यामुळं कुणाला नुसतं "कॉकटेल आहे" म्हणालात तर तो आइस्क्रीमची वाट बघत बसेल. पंच म्हणा.

कोजागरीला करणार असाल तर पंच संध्याकाळी लवकर द्या आणि मसाला दूध रात्री, वेगळ्या पेल्यांतून. तळाशी आंबट राहिलेल्या पेल्यात दूध ओतलं तर ते फाटतं. खायला सोबत भेळ, चिवडा, कापण्या चांगल्या. मिसळीबरोबर देऊ नका, झणझणीत कटानंतर सोड्याचा घोट तोंडाला आणखी झोंबतो. आणि तांबड्या-पांढऱ्याच्या जेवणात याला जागाच नाही, तिथं सोलकढीच हवी.

गरम प्यायचा असेल तर सोडा आणि बर्फ दोन्ही वगळा, मोसंब्याचा रस निम्मा करा, आमसुलाचं पाणी शेवटी घाला आणि पुन्हा उकळी न आणता चहाच्या छोट्या ग्लासांतून द्या. डिसेंबरात पन्हाळ्यावर मुक्काम असेल तर थर्मासमध्ये भरून न्यायला यासारखं दुसरं नाही.

उरला तर

सोडा न घातलेला रस फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतो. सोडा घातलेला असेल तर त्याच रात्री फळं गाळून काढा आणि रस कुल्फीच्या साच्यांत ओतून गोठवा, मुलं दुसऱ्या दिवशी संपवतात. गाळलेली फळं सकाळच्या दह्यात चालतात. रस फ्रिजमधून काढल्यावर झाकण उघडताना फुस्स आवाज आला किंवा हलवल्यावर आपोआप फेस धरला, तर तो आंबायला लागलाय. तो सिंकमध्ये ओता, चाखून बघत बसू नका.